उपग्रह आहेत, मग पाण्यात यंत्रं कशाला?

मागच्या अंकातल्या आर्गो फ्लोटांवरच्या, म्हणजे समुद्रात आपोआप खाली-वर जात पाणी मोजणाऱ्या यंत्रांवरच्या, माझ्या छोट्या टिपणावर बरीच पत्रं आली. जहाजावर मोजमापाची उपकरणं सांभाळण्यात माझी तेवीस वर्षं गेली. त्यानंतरची आठ किनाऱ्यावरच्या एका खोलीत, फ्लोटांनी पाठवलेले आकडे तपासण्यात. त्या अनुभवाच्या जोरावर उत्तरं देते आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

ताई, उपग्रह रोज अख्खा समुद्र पाहतात. तरीही जहाजं पाठवून पाण्यात यंत्रं सोडायचा खटाटोप का चालू आहे? — एक निवृत्त भूगोल शिक्षक

सर, उपग्रहाला दिसते ती समुद्राची फक्त कातडी. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला कळतं ते पाण्याच्या वरच्या एक मिलिमीटरहूनही पातळ थराचं तापमान. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे अंगाला हात लावून ताप आहे एवढं कळतं, पण आत काय चाललंय ते कळत नाही.

आणि खरा हिशेब आतच आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते आहे, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्र पोटात घेतो. हवा तापते हे आपल्याला जाणवतं, कारण आपण हवेत राहतो. पण सगळं वातावरण एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढीच समुद्राच्या वरच्या साधारण तीन मीटर पाण्याला लागते. फक्त तीन मीटर! त्याखालचं सगळं पाणी मोजल्याशिवाय पृथ्वी किती तापते आहे या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

याचा अर्थ उपग्रह कमी महत्त्वाचे असा मात्र नाही. १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह गेला तेव्हापासून समुद्राची उंची सलग मोजली जाते. १९९३ पासून आजवर जगाची सरासरी पातळी दहा सेंटिमीटरच्या आसपास चढली आहे. पण ती दोन कारणांनी चढते. एक, तापलेलं पाणी फुगतं. दोन, जमिनीवरचं बर्फ वितळून समुद्रात येतं. उंची मोजणाऱ्या उपग्रहाला या दोहोंत फरक करता येत नाही. मग २००२ मध्ये गेलेली ग्रेस उपग्रहांची जोडी, आणि २०१८ पासून तिच्या जागी आलेली ग्रेस-फॉलो-ऑन ही जोडी, गुरुत्वाकर्षणातल्या बारीक बदलांवरून सांगते की पाण्याचं वजन किती वाढलं, आणि पाण्यातले फ्लोट सांगतात की ते किती फुगलं. दोन्हींची बेरीज उंचीशी जुळली की आपण बरोबर मोजतो आहोत असा विश्वास येतो. नाही जुळली, तर कुठेतरी चूक आहे. उंची मोजणाऱ्या, टोपेक्स-पोसायडननंतरच्या उपग्रहाचं नाव जेसन आणि फ्लोटांच्या योजनेचं नाव आर्गो. ग्रीक कथेतला जेसन आणि त्याचं जहाज. एकमेकांशिवाय चालणार नाही, हे नाव ठेवणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं.

फ्लोटला पंखा नाही, इंजिन नाही, तर तो खाली-वर कसा होतो? आणि वर बर्फ असेल तर? — अकरावीतली एक विद्यार्थिनी

अगदी नेमकं विचारलंस. फ्लोट म्हणजे धातूचं एक नळकांडं. वजन वीस-पंचवीस किलो, अँटेना धरून माझ्या खांद्यापर्यंत उंच. आत थोडं तेल आणि एक पंप, बाहेर तळाशी रबरी पिशवी. पंपाने तेल पिशवीत ढकललं की फ्लोटचं वजन तेवढंच राहतं पण आकार वाढतो, म्हणून तो पाण्यापेक्षा हलका ठरतो आणि वर निघतो. तेल आत ओढलं की बुडतो. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीसारखंच हे.

बुडताना तो थेट तळाला का जात नाही? हजार मीटरवर दाब इथल्या हवेच्या शंभरपट असतो. त्या दाबाने पाणी जितकं आवळलं जातं, तितकं फ्लोटचं नळकांडं आवळलं जात नाही. त्यामुळे खाली जाता जाता भोवतीचं पाणी त्याच्याइतकंच जड होतं आणि तो तिथेच तरंगत राहतो, काही न करता. नऊएक दिवस तो त्या अंधारात प्रवाहाबरोबर वाहतो. मग २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि तिथून वर येत येत तापमान, खारटपणा आणि दाब टिपत जातो. वर यायला सहाएक तास लागतात. पंधरा-वीस मिनिटांत आकडे उपग्रहाकडे धाडले की पुन्हा खाली. असे सुमारे ४,००० फ्लोट आज जगभरच्या समुद्रात आहेत.

बर्फाचं म्हणशील तर, वर येताना शेवटच्या पन्नासेक मीटरांत पाणी गोठणबिंदूच्या जवळ, म्हणजे उणे १.८ अंशांच्या आसपास असलं, की वर बर्फ असणार हे ओळखून तो मागे फिरतो. आकडे पोटात जपून ठेवतो आणि उन्हाळ्यात वाट मोकळी झाली की सगळे एकदम पाठवतो. पूर्ण हिवाळा गप्प राहिलेला फ्लोट अचानक बोलू लागला की आमच्या खोलीत सगळे एका स्क्रीनभोवती जमायचे.

सोडायचा कसा तेही सांगते. जहाजाचा वेग अगदी कमी करून, मागच्या डेकवरून, त्याच्या कड्यातून ओवलेल्या दोराची दोन्ही टोकं धरून तो हळूहळू खाली सोडतात. पाण्याला टेकला की एक टोक सोडायचं, दोर सरसर निघून हातात येतो. अँटेना लाटांतून दोन-तीनदा दिसते आणि मग दिसत नाही.

एक चूक सांगते, कारण तू कधी हे काम करशील तर उपयोगी पडेल. सेन्सरच्या नळीत घाण जाऊ नये म्हणून छोटी प्लास्टिकची बुचं लावलेली असतात. पाण्यात सोडण्याआधी ती काढायची. एकदा वादळ जवळ येत होतं, कॅप्टन घाई करत होता, आणि माझ्याकडून ती तशीच राहिली. पहिलं प्रोफाइल, म्हणजे खालून वर येतानाच्या एका फेरीतले आकडे, आलं तेव्हा कळलं. नळीतून पाणी वाहतच नव्हतं. तो फ्लोट चार वर्षं इमानाने दर दहा दिवसांनी वर येत राहिला आणि त्याच्या खारटपणाचा एकही आकडा वापरता आला नाही. त्या दिवसापासून काढलेली बुचं मी वहीत फ्लोटच्या नंबरासमोर चिकटपट्टीने लावायला लागले. पानावर बुचं दिसली नाहीत तर फ्लोट सोडायचा नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिची जाडी आता तिप्पट झाली आहे.

समुद्र थंड होतोय असं काही वर्षांपूर्वी वाचलं होतं. नंतर म्हणे शास्त्रज्ञांनी आकडे दुरुस्त केले आणि समुद्र तापायला लागला! हे आकडे हवे तसे वळवणं नाही का? — एक वाचक

असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून जे झालं ते सविस्तर सांगते.

२००६ मध्ये एक शोधनिबंध आला. २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाला, असं त्यात म्हटलं होतं. लेखकांपैकी एक जोश विलिस. पण त्याच काळात समुद्राची पातळी चढतच होती आणि उपग्रह सांगत होते की पृथ्वीवर येणारी उष्णता परत जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त आहे. हिशेब जुळत नव्हता. २००७ च्या सुरुवातीला विलिसनेच आपले आकडे पुन्हा उलगडले. तेव्हा दिसलं की फ्लोटांच्या एका गटात सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे तापमानाला चुकीची खोली जोडली जात होती. ते फ्लोट काढून पाहिल्यावर ती थंडी जवळजवळ नाहीशी झाली. चूक शोधणारा आणि ती जाहीर करणारा माणूस त्या निबंधाचा लेखकच होता. आकडे वळवायचेच असते, तर त्याने मुळात थंडीचा निबंध छापलाच नसता.

दुसरा घोटाळा एक्सबीटीचा. हे जहाजावरून पाण्यात टाकायचं, तांब्याच्या बारीक तारेने जोडलेलं एक उपकरण. १९६० च्या दशकापासून हजारो जहाजांनी ते वापरलं. त्यात दाबाचा सेन्सर नसतो. टाकल्यापासून किती सेकंद झाले त्यावरून खोली काढतात. पडण्याचा वेग मानला त्याहून जरा वेगळा असेल, तर प्रत्येक तापमान चुकीच्या खोलीला चिकटतं. यामुळे १९७० च्या दशकात समुद्र अचानक तापल्यासारखा दिसत होता. दुरुस्ती झाल्यावर तो खोटा उंचवटा बराच खाली आला. इथे दुरुस्तीने *ताप कमी झाला*, हे लक्षात घ्या.

त्याही मागे बादल्या. पूर्वी खलाशी बादलीने पाणी काढून त्यात थर्मामीटर धरत. कॅनव्हासच्या बादलीतलं पाणी डेकवर येईपर्यंत बाष्पीभवनाने गार होतं. इंजिनात घेतलेलं पाणी मात्र जरा गरम निघतं. युद्धकाळात रात्री डेकवर दिवा लावून बादली ओढणं धोक्याचं, म्हणून इंजिनातल्या नोंदी वाढल्या. १९४५ नंतर बादल्या परत आल्या आणि जगाचं तापमान एकदम ०.३ अंशाने घसरल्यासारखं दिसलं. ही घसरण खरी नाही, मोजण्याची पद्धत बदलल्याची आहे, हे २००८ मध्ये स्पष्टपणे मांडलं गेलं.

फ्लोटचा आकडा चोवीस तासांत सगळ्यांना खुला होतो. त्यानंतर वर्षभराच्या आत कुणीतरी माणूस बसून तो पुन्हा पाहतो. जहाजावरच्या अचूक मोजणीशी ताडतो, शेजारच्या फ्लोटांशी ताडतो. सेन्सर काही वर्षांनी हळूहळू भरकटतात. विशेषतः खारटपणा वाढीव दाखवू लागतात. मूळ आकडा कधीही पुसत नाहीत. त्याच्या शेजारी दुरुस्त आकडा, त्याची अनिश्चितता आणि तपासल्याची खूण ठेवतात. मी आठ वर्षं हेच केलं. कोणता आकडा कुणाला आवडेल हा विचार त्या खोलीत कुणाच्या मनात आल्याचं मी पाहिलं नाही.

आठवड्यानंतरच्या पावसाचा नेम नाही, मग समुद्राचे आकडे घेऊन काही महिन्यांपुढचं कसं सांगतात? — तीन पत्रांतला समान प्रश्न

हवा विसराळू आहे. दोनेक आठवड्यांत ती मागचं सगळं विसरते. समुद्राला महिनोनमहिने आठवतं, आणि लांबचा अंदाज या आठवणीवरच उभा असतो.

एल निनोचंच पाहा. प्रशांत महासागरावर विषुववृत्तालगत वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेलं पाणी पश्चिमेला लोटून ठेवतात. इतकं, की तिथली पातळी पूर्वेपेक्षा अर्धा मीटर वर राहते. वारे ढिले पडले की हे पाणी पूर्वेकडे परतू लागतं. पण पृष्ठभागावर नाही, शंभर-दीडशे मीटर खालून, एका अवाढव्य मंद लाटेच्या रूपात. पलीकडे पोहोचायला तिला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात उपग्रहाचा तापमानाचा नकाशा नेहमीसारखाच दिसू शकतो. पाण्याखाली थर्मामीटर असेल, तर काय येतंय ते आधी कळतं.

१९८२-८३ मध्ये असे थर्मामीटर नव्हते. त्यातच त्या वर्षी मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुरळ्यामुळे उपग्रहांना समुद्र होता त्याहून थंड दिसत राहिला. तोवरच्या नोंदींतला सर्वांत मोठा एल निनो शिखराजवळ आला तरी तज्ज्ञांना त्याची खात्री पटली नव्हती. या धक्क्यातून प्रशांत महासागराच्या विषुववृत्तावर नांगरलेल्या सुमारे सत्तर बोयांची टाओ ही रांग उभी राहिली. १९९४ च्या अखेरीस ती पूर्ण झाली. ५०० मीटरपर्यंत तारेवर थर्मामीटर. १९९७-९८ चा एल निनो आला तेव्हा त्याचं पाऊल न् पाऊल दिवसागणिक पाहता आलं. पुढे हिंदी महासागरात रामा आणि अटलांटिकमध्ये पिराटा अशा रांगा झाल्या.

या बोयांची देखभाल सोपी नाही. वर्षभर पाण्यात राहिलेला बोया जहाजावर ओढून घेतला की आधी वास येतो. खालची बाजू बार्नकलांनी, म्हणजे चिकटून वाढणाऱ्या कवचधारी जीवांनी, हाताच्या पंजाएवढी जाड झालेली, वर पक्ष्यांची विष्ठा, तारेत अडकलेली मासेमारीची जाळी. बोयाखाली मासे जमतात, म्हणून बोटी येऊन त्याला बांधतात. कधी सेन्सर कापून नेलेले असतात. मासेमारांवर मी चिडत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण कापलेली तार हातात घेतली की गेलेल्या महिन्यांचं वाईट वाटतंच. त्या महिन्यांची मोजणी मागे जाऊन करता येत नाही.

असंच मोठ्या प्रमाणात २०१२ ते २०१४ मध्ये झालं. देखभालीचं जहाज बंद झालं, फेऱ्या घटल्या आणि टाओच्या बोयांकडून येणारे आकडे पूर्वीच्या ४० टक्क्यांच्या आसपासपर्यंत उतरले. उभारायला दहा वर्षं लागलेली रांग दोन वर्षांत अर्ध्याहून जास्त मुकी झाली. मग आंतरराष्ट्रीय पातळीवर धावपळ होऊन सगळ्या व्यवस्थेचा नव्याने विचार सुरू झाला. निधी देणाऱ्यांना नवं यंत्र आवडतं, जुन्याची देखभाल नाही. माझा सगळ्यात जास्त जीव इथे तुटतो.

अटलांटिकचा मोठा प्रवाह बंद पडणार अशा बातम्या येतात. खरं किती? — एक वाचक

२००५ मध्ये एक निष्कर्ष आला होता की १९५७ ते २००४ या काळात हा प्रवाह, म्हणजे वरून गरम पाणी उत्तरेकडे नेणारा आणि खोलातून थंड पाणी दक्षिणेकडे परत आणणारा, ३० टक्क्यांनी मंदावला. त्याला आधार होता पाच जहाजफेऱ्यांचा. जवळपास पन्नास वर्षांत पाच. पण २००४ मध्ये २६.५ अंश उत्तर अक्षांशावर रॅपिड ही नांगरलेल्या उपकरणांची रांग लागली होती आणि तिथे सलग मोजणी सुरू झाली होती. पहिल्याच वर्षात दिसलं की हा प्रवाह सेकंदाला ४० लाख घनमीटरपासून साडेतीन कोटी घनमीटरपर्यंत वर-खाली होतो. त्या पाच फेऱ्यांतला फरक एका वर्षाच्या चढउतारात सहज मावत होता. आता दोन दशकांच्या नोंदी आहेत. सरासरी सेकंदाला १.७ कोटी घनमीटरच्या आसपास आणि हळू उतार. या शतकात तो आणखी मंदावेल याबद्दल बहुतेक तज्ज्ञांचं एकमत आहे. तो अचानक बंद पडेल का, यावर वाद चालू आहे. वीस वर्षांच्या नोंदीवरून तारीख सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सीलच्या डोक्याला यंत्र चिकटवतात हे क्रौर्य नाही का?

सीलबरोबर बुडी मारून तापमान आणि खारटपणा टिपणारं हे यंत्र कातडीला नाही, केसांना चिकटवतात. दरवर्षी सील केस टाकतात, त्याबरोबर ते गळून पडतं. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली हिवाळ्यात जहाज जात नाही, एलिफंट सील मात्र दिवसातून अनेकदा शेकडो मीटर बुडी मारतात. अंटार्क्टिकाजवळ केप डार्नलीपाशी तळाचं अतिथंड पाणी तयार होतं, हे २०१३ मध्ये दाखवता आलं त्यात सीलच्या नोंदींचा मोठा वाटा होता. तरीही प्राण्याला त्रास किती होतो हे तपासत राहणं आणि परवानगीशिवाय हात न लावणं हवंच. तुमच्या काळजीशी मी सहमत आहे.

बॅटरी संपल्यावर हजारो फ्लोट समुद्रातच राहतात. हा कचरा नव्हे का?

आहे. चार-पाच वर्षांनी बहुतेक फ्लोट बुडतात, परत आणले जात नाहीत. एका फ्लोटसाठी जहाज शोधत नेलं तर जाळलेल्या इंधनाने जास्त नुकसान होईल, म्हणून तसं करत नाहीत. नांगरलेले बोये मात्र परत आणतात, तळाशी राहतो तो त्यांचा नांगर, काही ठिकाणी रेल्वेची जुनी चाकं.

पण फ्लोट नसते तर काय, तेही पाहा. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचे कार्बनचे हिशेब वर्षानुवर्षं उन्हाळ्यातल्या जहाजफेऱ्यांवर चालले, कारण हिवाळ्यात तिथे कुणी जात नाही. २०१४ पासून रासायनिक सेन्सर लावलेले फ्लोट सोडले आणि २०१८ मध्ये दिसलं की काही पट्ट्यांत हिवाळ्यात तो समुद्र समजत होतो त्यापेक्षा बराच जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. अर्धं वर्ष आपल्या वहीत कोरं होतं. तेवढ्यासाठी तळावर नळकांडी पडली तर मी ती पत्करते. बॅटरी जास्त टिकावी आणि साहित्य कमी घातक असावं हा आग्रह मात्र सोडू नये.

मला हे आकडे बघता येतील का? — तीच अकरावीतली विद्यार्थिनी

येतील. आर्गोचे आकडे सगळ्यांना मोफत खुले आहेत. समशीतोष्ण पट्ट्यातला, तीन वर्षं तरी चाललेला एक फ्लोट निवड. उभ्या अक्षावर खोली, आडव्यावर तापमान, असा प्रत्येक महिन्याचा आलेख काढ. हिवाळ्यात वरचे शंभर-दोनशे मीटर एकाच तापमानाचे, रेघ सरळ खाली उतरलेली दिसेल, कारण वादळांनी ते पाणी घुसळून टाकलेलं असतं. उन्हाळ्यात वर गरम पाण्याची पातळ साय येते आणि रेघ वीस-तीस मीटरांवरच वळते. खाली हजार मीटरवर मात्र वर्षभर जवळजवळ हालचाल नाही. जिथे रेघ वळते त्या जागेकडे नीट बघ. वादळाला किती उष्णता मिळेल ते त्या जागेच्या खोलीवर ठरतं.

काढलास की एक आलेख तारीख झाकून मला पाठव. महिना ओळखून दाखवते.